मधमाश्यांचे राखणदार

(नभोवाणीवरील भाषण)



बेळगावच्या भाजीबाजारात दोडका, काकडी, कारली, दुधी भोपळा यांच्या पाट्या उतरू लागल्या म्हणजे हिशेबाला सुरुवात होते. बियाण्याचे पैसे, खताचे पैसे, मांडवाच्या तारेचे पैसे, खुरपणीची मजुरी, गाडीभाडे, अडत, हमाली या सर्व रकमा कोणाच्या ना कोणाच्या वहीत मांडलेल्या असतात. एका मजुराचे नाव मात्र कोणत्याही वहीत सापडत नाही. त्याने आपले काम केले नसते, तर यांतील एकही पाटी बाजारापर्यंत आली नसती. परंतु ज्याला मजुरी द्यावी लागत नाही, त्याची आठवण ठेवण्याची रीत आपल्या व्यवहारात नाही.

हा मजूर म्हणजे मधमाशी आणि तिचे भाऊबंद. काकडीच्या किंवा दोडक्याच्या वेलीवर नर फूल वेगळे असते आणि मादी फूल वेगळे असते. मादी फुलाच्या बुडाशी इवलेसे फळ आधीपासूनच दिसत असते. परंतु नर फुलातील पराग तेथवर पोचला नाही, तर ते दोन-चार दिवसांत पिवळे पडून गळून जाते. पराग अपुरा पोचला, तर फळ धरते खरे, पण ते एका अंगाने फुगते आणि दुसऱ्या अंगाने आखडते. असा वाकडा माल बाजारात बाजूला काढला जातो. या वेलींचा पराग चिकट असल्यामुळे वारा तो वाहून नेत नाही. तो नेण्यास सजीव वाहकच लागतो. सूर्यफूल, कारळा, मोहरी, कांद्याचे बी, काजू, आंबा या पिकांनाही अशा वाहकांची कमीअधिक गरज असते. अनेक राष्ट्रांच्या सरकारांनी मिळून स्थापलेल्या जैवविविधताविषयक मंडळाने २०१६ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिके काही ना काही प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागसिंचनावर अवलंबून आहेत, असा निष्कर्ष दिला आहे. भात, गहू, ज्वारी यांचे वाऱ्यावर किंवा आपल्या आपण भागते हे खरे. पण नुसत्या भाकरीने ताट भरत नाही.

मधमाशी म्हटली की आपल्या मनात प्रथम मध येतो. आजच्या भाषणाचा विषय मात्र मध हा नाही. या परागवाहकांची प्रकृती आज कशी आहे, ती कशाने बिघडली, आणि ती सुधारावी म्हणून आपल्या मुलखात कोणी कोणते श्रम केले व करीत आहेत, याचा विचार आपल्याला करावयाचा आहे.

आपल्या सीमाभागाला मधमाश्यांची ओळख दोन भाषांतून आहे. मराठीत जिला आग्या माशी म्हणतात, तिला कानडीत हेज्जेनु हे नाव आहे. ही सर्वांत मोठी व सर्वांत रागीट. उंच झाडाच्या फांदीखाली, कड्याच्या कपारीत किंवा पाण्याच्या टाकीखाली ती एकच भलेमोठे पोळे उघड्यावर बांधते आणि ऋतुमानाप्रमाणे डोंगरातून मैदानात व मैदानातून डोंगरात जा-ये करते. दुसरी फुलोरी. तिचे हाताच्या पंजाएवढे पोळे झुडपात लोंबते. कानडीत तिला कोलु जेनु म्हणतात. तिसरी पोयाची माशी, म्हणजे कानडीतील मुजंटी. हिला नांगी असून नसल्यासारखीच आहे. आणि चौथी सातेरी, म्हणजे कानडीतील तुडुवे. ही झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत राहते आणि अंधारात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. अंधाराची सवय असल्यामुळेच ती लाकडी पेटीत नांदू शकते. आग्या आणि फुलोरी यांना उजेड लागतो, म्हणून त्या पेटीत राहत नाहीत. याखेरीज एकेकट्या राहणाऱ्या माश्या, वासे पोखरणारे काळे भुंगे, फुलपाखरे आणि रात्री हिंडणारे पतंग हेही परागवाहकच होत. तथापि माणसाला जवळ बाळगता येईल आणि जिच्या प्रकृतीकडे प्रत्यक्ष लक्ष देता येईल अशी आपली देशी माशी म्हणजे सातेरी. म्हणून आजच्या कथेत तिचे स्थान मोठे आहे.

पूर्वी मध मिळविण्याची पद्धत एकच होती. काळोख्या रात्री पलिते पेटवून मोहोळ जाळावयाचे, पोळे उपटावयाचे आणि मुठीत धरून पिळावयाचे. मधाबरोबर अंडी व अळ्याही पिळल्या जात आणि जे घर वर्षानुवर्षे नांदले असते, ते एका रात्रीत नाहीसे होई. या पद्धतीला पर्याय निर्माण झाला तो एका साध्या निरीक्षणातून. मधमाश्या आपल्या पोळ्यांमध्ये ये-जा करण्यापुरती ठरावीक जागा मोकळी सोडतात आणि तेवढ्या जागेत मेण बांधीत नाहीत, ही गोष्ट अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने १८५१ साली हेरली व तिच्या आधारे उचलता येण्याजोग्या चौकटींची पेटी तयार केली. आपल्या लहान चणीच्या सातेरीला ती पेटी मोठी पडे. दक्षिणेत तिरुचिरापल्लीकडे न्यूटन नावाच्या पाद्र्याने १९११ ते १९१७ च्या सुमारास तिला साजेल अशी लहान पेटी बनविली आणि खेड्यातील लोकांना ती वापरावयास शिकविले. पिलांचा कोठा खाली, मधाचा कोठा वर. वरच्या कोठ्यातील चौकटी यंत्रात घालून फिरविल्या की मध निघतो आणि पोळे शाबूत राहते. मध घेणे आणि घर मोडणे या दोन गोष्टी त्या दिवसापासून वेगळ्या झाल्या.

या विद्येला आपल्याकडे बळ मिळाले ते ग्रामोद्योगाच्या चळवळीमुळे. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याच्या कार्यात मधमाशीपालनाचा समावेश झाला. त्या विचाराचे वारे बेळगावपर्यंत यावयास वेळ लागला नाही. गंगाधरराव देशपांडे यांच्या हुदली गावी एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले, त्या वेळी स्वतः गांधीजी तेथे आले होते. हुदलीची ख्याती खादीची. तथापि खेड्यातील माणसाने आपल्या भोवतालच्या साधनांतून, त्या साधनांचा नाश न करता पोट भरावे, हे जे त्यामागचे सूत्र, ते मधाच्या पेटीला चरख्याइतकेच लागू पडते.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या राज्याच्या ग्रामोद्योग समितीने १९४६ साली महाबळेश्वरास मधमाशीपालनाचे काम सुरू केले. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभूळ, हिरडा, गेळा आणि दर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी अशी वनसंपत्ती होती आणि सातेरीही विपुल होती. रानातील मोहोळे जाळणाऱ्या माणसांनाच पेट्या देऊन त्यांचे पालक बनविण्याचा हा उद्योग होता. पुढे तेथे मधोत्पादकांची सहकारी सोसायटी निघाली आणि आज महाराष्ट्र राज्याचे मध संचालनालयही महाबळेश्वरातच आहे. याच काळात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत डॉ. जी. बी. देवडीकर यांनी या विषयाला शास्त्राची बैठक दिली. मधाच्या थेंबात तरंगणारे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की माशीने कोणकोणत्या फुलांना भेटी दिल्या हे कळते. कारण प्रत्येक वनस्पतीच्या परागकणाची घडण निराळी असते. देवडीकर आणि सी. व्ही. ठकार यांनी महाबळेश्वरच्या मधाळ वनस्पतींच्या परागांचा असा अभ्यास १९५३ सालीच प्रसिद्ध केला. माशी काय खाते हे नेमके समजल्याखेरीज तिची काळजी घेता येत नाही, ही दृष्टी त्यामागे होती. पुढे १९६२ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली.

इतक्या वर्षांच्या खटपटीने उभी राहिलेली ही वास्तू एका आजाराने हादरली. १९७६ साली थायलंडमध्ये सातेरीच्या जातीच्या माश्यांत एक विषाणूजन्य रोग आढळला. त्याला थाई सॅकब्रूड असे नाव पडले. १९७८ मध्ये तो आपल्या देशात मेघालयात दिसला आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेत पोचला. या रोगाची बाधा अळीला होते. पूर्ण वाढलेली अळी कोशात जाण्याच्या सुमारास मरते. तिच्या कातडीखाली पाण्यासारखा द्रव साचतो आणि चिमट्याने उचलली तर ती पाणी भरलेल्या पिशवीसारखी लोंबते. मोठ्या माश्या वरून ठणठणीत दिसतात. म्हणून पाळणाऱ्याला प्रथम काही उमगत नाही. पण मागाहून जन्मणारी पिढीच मारली गेल्यामुळे वसाहत दिवसेंदिवस विरळ होते आणि एके दिवशी उरलेल्या माश्या पेटी टाकून निघून जातात. कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांत त्या दोन-तीन वर्षांत पेट्यांतील शेकडा ९० हून अधिक वसाहती नष्ट झाल्या. कोडगूसारखा मधाबद्दल देशभर नाव कमावलेला प्रदेश ओस पडला. रिकाम्या पेट्या माळ्यावर गेल्या आणि अनेकांनी या धंद्याला कायमचा रामराम ठोकला.

या रोगाला तेव्हा औषध नव्हते आणि आजही खात्रीचे औषध नाही. मग सातेरी वाचली कशी? शास्त्रज्ञांनी आणि शहाण्या पालकांनी एक गोष्ट पाहिली, की शंभरांतील नव्वद घरे बुडाली तरी पाच-दहा घरे उभी राहिली आहेत. त्या घरांतील कामकरी माश्या रोगट अळ्या ओळखून वेळीच बाहेर टाकीत होत्या किंवा त्यांच्या अंगी मुळातच प्रतिकाराची शक्ती होती. अशा टिकलेल्या वसाहतींतून नव्या राण्या तयार करावयाच्या, दुबळ्या वसाहतीची राणी काही दिवस काढून पिलांची साखळी तोडावयाची, पेट्या दाटीवाटीने ठेवावयाच्या नाहीत, एका पेटीतील चौकट दुसरीत घालावयाची नाही, मध शेवटच्या थेंबापर्यंत काढून माश्यांना उपाशी ठेवावयाचे नाही, हाच उपचार ठरला. तो अत्यंत धीराचा होता. मधाचे उत्पन्न शून्यावर आलेले असताना ज्यांनी उरल्यासुरल्या चार पेट्या विकल्या नाहीत, टाकल्या नाहीत, तर त्यांतून पुन्हा बीज धरले, त्या अनामिक माणसांमुळे आज दक्षिणेत सातेरीच्या पेट्या पुन्हा दिसतात. एखाद्या साथीत घरोघर फिरणाऱ्या वैद्याचे जे मोल, तेच मोल या पालकांचे आहे असे मला वाटते.

रोग हा परागवाहकांचा एक शत्रू झाला. दुसरा शत्रू विषाचा आहे आणि त्याचा निपाणीच्या मातीशी विलक्षण संबंध आहे. निपाणीचा तंबाखू बिडीच्या धंद्यात सर्वत्र गाजला. ज्या शेतकऱ्याने तो पिकविला, त्याला योग्य भावासाठी १९८१ साली रस्त्यावर उतरावे लागले, हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. या तंबाखूच्या पानात निकोटिन नावाचे जे द्रव्य असते, ते वनस्पतीने किडींपासून आपल्या संरक्षणासाठीच तयार केलेले असते. आपल्या शेतकऱ्याला हे पुस्तकावाचून माहीत होते; माव्यावर तंबाखूचा काढा फवारण्याची चाल जुनीच आहे. तो काढा उन्हात लवकर निकामी होई. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच धर्तीचे, पण टिकाऊ असे द्रव्य शोधले. १९८५ च्या सुमारास जपानमध्ये इमिडाक्लोप्रिड तयार झाले आणि १९९० नंतर ते व त्याची भावंडे जगभर पसरली. त्यांच्या कुळाचे नावच निओनिकोटिनॉइड, म्हणजे नवे निकोटिन असे पडले.

या औषधांचा गुण हाच त्यांचा दोषही आहे. ती पानावर न राहता झाडाच्या रसात भिनतात. बियाण्याला चोळली, तरी रोपाच्या अंगी उतरतात. त्यामुळे रस शोषणारी कीड मरते हे खरे. पण तोच अंश फुलातील मधुरसात व परागातही जातो. माशी त्याने लगेच मरेलच असे नाही. परंतु अल्प मात्रेतही तिच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, तिला परतीची वाट सापडत नाही आणि जी माशी घरी परतत नाही तिचा हिशेब कोणालाच लागत नाही. युरोपीय संघाने २०१३ साली या कुळातील तीन औषधांवर निर्बंध घातले आणि २०१८ साली उघड्या शेतात त्यांचा वापर बंद केला. आपल्या देशात ती आजही वापरात आहेत.

येथे शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे अगदी सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ज्याच्या मिरचीवर फुलकिडे पडले आहेत आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, त्याला फवारणी करू नकोस असे सांगणाऱ्याने त्याच्या घरची चूल पेटविण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. दोष आहे तो माहितीच्या अभावाचा. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. हिरवा त्रिकोण पाहून शेतकरी निर्धास्त होतो. परंतु तो त्रिकोण ते औषध माणसाला किती घातक आहे एवढेच सांगतो. मधमाशीला ते किती घातक आहे याचा त्या रंगाशी काही संबंध नाही. दुकानदारही हे सांगत नाही, कारण त्यालाही ते कोणी सांगितलेले नसते.

तिसरा शत्रू सर्वांत गुपचूप वावरणारा आहे. तो म्हणजे उपासमार. वेदगंगा-दूधगंगेच्या काठाने हिंडून पाहावे. दृष्टी पोचेल तेथवर हिरवेगार शिवार दिसते, पण मधमाशीच्या दृष्टीने ते वाळवंट आहे. उसाला तुरा येऊ नये अशीच मालकाची इच्छा असते, आणि आला तरी त्यात मधुरस नसतो. तंबाखूला फूल येते, पण पान भरावे म्हणून शेंडा खुडून टाकतात. सोयाबीन आपल्या आपण फळते व तिच्या बारीक फुलांचा बहर थोड्याच दिवसांचा असतो. पूर्वी ज्वारीच्या पाटीत तूर असे, कडेने अंबाडी, करडई, तीळ, कारळे असत. बांधावर करंज, बाभूळ, जांभूळ, कडुनिंब उभे असत. एक फुलणे संपले की दुसरे सुरू होई आणि माशीला बारमाही घास मिळे. बांध बारीक झाले, झाडे गेली, तणनाशकाने पडीक जागेतील रानफुलेही गेली. जो प्राणी फुलावाचून दुसरे काही खाऊ शकत नाही, त्याने अशा शिवारात राहावे तरी कसे?

याचा परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहे. सूर्यफुलाचे पीक १९६९ साली रशियन वाणांच्या रूपाने आपल्याकडे आले आणि कर्नाटकाने ते मोठ्या प्रमाणावर उचलले. या फुलात दाणे नीट भरावयास माश्या हव्यात. त्या पुरेशा नसल्या म्हणजे कणसाच्या मधल्या भागात पोचट दाणे राहतात. यावर शेतकीखात्याची शिफारस अशी, की सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला मऊ कापड गुंडाळून प्रत्येक फुलावरून हळुवार फिरवावे आणि एक दिवसाआड असे करावे. उन्हात मजूर लावून, रोज मोजून, जे काम हाताने करवून घ्यावे लागते, तेच काम हेक्टरी चार-पाच मधाच्या पेट्या ठेवल्या तर बिनबोभाट होते. गमावलेल्या गोष्टीची किंमत यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगावी?

ही झाली दुखण्याची हकीकत. आता जे या दुखण्यावर इलाज करीत आहेत त्यांच्याकडे वळू. महाबळेश्वराजवळील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. देशातील असे ते पहिले गाव होय. तेथील बहुतेक कुटुंबे या व्यवसायात आहेत. मधाच्या गावाच्या या कल्पनेतील मर्म असे, की एकाने पेट्या ठेवावयाच्या आणि शेजाऱ्याने फवारणी करावयाची, हा विसंवाद संपूर्ण गावच सहभागी झाल्यावर मिटतो. त्यानंतर ज्या गावाची निवड झाली, ते तर आपल्या अगदी जवळचे आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातील पाटगाव, मौनी महाराजांच्या मठामुळे प्रसिद्ध असलेले. ज्या वेदगंगेच्या पाण्यावर निपाणी परिसरातील मळे पिकतात, ती तेथूनच खाली येते. तिच्यावरचे धरण पाटगावलाच आहे. वरच्या अंगाला जंगल आणि माश्या राखणारे गाव, खालच्या अंगाला माश्यांची निकड असलेले मळे, आणि मध्ये दोन राज्यांची सीमा, असे हे चित्र आहे.

सह्याद्रीच्या त्याच रांगेत दक्षिणेकडे उत्तर कन्नड जिल्हा लागतो. तेथील मधुकेश्वर हेगडे यांनी सरकारी साहाय्याने ५० वसाहतींपासून प्रारंभ करून ८०० हून अधिक वसाहती उभ्या केल्या. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या नभोवाणीवरील भाषणात त्यांचा उल्लेख झाला होता. विदर्भात वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेतून गोपाळ पालिवाल यांनी आग्या माशीचा प्रश्न हाती घेतला. आग्याला पेटीत घालता येत नाही. मग मध काढणाऱ्यालाच शिकविले पाहिजे. संरक्षक पोशाख घालून, आग न लावता, पोळ्याचा मधाचा भागच तेवढा कापून घ्यावयाचा आणि पिलांचा भाग तसाच ठेवावयाचा, ही ती शिकवण. त्यामुळे तेच मोहोळ पुन्हा मध देते. विजया पस्तला यांनी २००९ साली स्थापिलेली अंडर द मँगो ट्री ही संस्था आदिवासी पाड्यांतील लहान शेतकऱ्यांना सातेरीच्या पेट्या ठेवण्यास शिकविते आणि मधापेक्षा पिकाच्या वाढीवर अधिक भर देते. पुण्यात अमित गोडसे यांनी शहरातील इमारतींवरची मोहोळे औषध फवारून मारण्याऐवजी सुरक्षितपणे हलविण्याचे काम अंगावर घेतले. ही माणसे एकमेकांपासून दूर आहेत, त्यांचे मार्गही निरनिराळे आहेत. पण माशीची प्रकृती आधी आणि मध नंतर, हा क्रम त्या सर्वांनी पाळलेला दिसतो.

हा क्रम उलटला म्हणजे चांगल्या हेतूनेही हानी होते. २०२० साली केंद्र सरकारने मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तेव्हापासून पेट्या वाटण्याचा उत्साह वाढला आहे. तो स्वागतार्ह आहे. परंतु पेटी म्हणजे शिलाई यंत्र नव्हे, की घरी नेऊन ठेवले आणि झाले. १९६० नंतरच्या दशकात पंजाबकडे रुजविलेली युरोपीय मेलिफेरा माशी सातेरीहून कितीतरी अधिक मध देते आणि मोहरीच्या विस्तीर्ण शेतांत ती शोभते. सह्याद्रीच्या पावसात, तुटक फुलोऱ्यात मात्र तिला साखरेचा पाक पाजून जगवावे लागते आणि पेट्या सतत हलवाव्या लागतात. पेट्यांबरोबर रोगही प्रवास करतात, हे १९९१-९२ च्या अनुभवानंतर तरी आपण विसरता कामा नये. ज्या पेटीबरोबर शिकलेला माणूस येत नाही, ती पेटी दुसऱ्या पावसाळ्यात रिकामी होते. आणि रिकामी पेटी गावाला एवढेच शिकविते, की हा धंदा आपला नव्हे.

मग आपल्या सीमाभागातील शेतकऱ्याने काय करावे? ज्या गोष्टींना पैसा लागत नाही, त्या प्रथम सांगतो. पीक पूर्ण फुलोऱ्यात असताना विषारी फवारणी टाळावी. टाळणे शक्यच नसेल, तर ती सकाळी न करता माश्या घरी परतल्यावर सायंकाळी करावी. आसपास कोणाच्या पेट्या असतील, तर त्यास आदल्या दिवशी निरोप द्यावा, म्हणजे तो पेट्यांची दारे तेवढ्यापुरती बंद ठेवू शकेल. बियाणे घेताना त्यास कोणते औषध चोळलेले आहे हे विचारावे. विहिरीवरील झाडाला आग्या मोहोळ बसले, तर पलिता शोधण्यापूर्वी काही आठवडे वाट पाहावी. फुलोरा संपला की ते आपण होऊन उठून जाते. मात्र शाळेजवळ किंवा रहदारीच्या वाटेवर बसलेले मोहोळ जाणत्या माणसाकडून हलवून घेणेच शहाणपणाचे. बांधाच्या कडेला दोन ओळी कारळ्याच्या किंवा तिळाच्या टाकाव्यात, कोपऱ्यावर एखादे जांभूळ, एखादा शेवगा, एखादा करंज लावावा. बेळगाव-खानापूरकडील भाजीच्या मळ्यांना तर याचा लाभ त्याच हंगामात दिसेल.

दुसऱ्या काही गोष्टी एकट्यादुकट्याने होणाऱ्या नाहीत. सातेरी आपल्या घरापासून साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिघात चरते. म्हणजे एका माणसाच्या पेटीतील माशी पन्नास जणांच्या शेतांत जाते. त्या पन्नासांपैकी एकाने भर दुपारी फवारणी केली, तर एकोणपन्नास जणांची सावधगिरी फुकट जाते. यास्तव हा प्रश्न व्यक्तीचा नसून ग्रामपंचायतीचा व सहकारी सोसायटीचा आहे. औषधाच्या दुकानात कोणते द्रव्य मधमाशीला घातक आहे याची यादी मराठीत आणि कानडीत, दोन्ही भाषांत, ठळक अक्षरांत टांगलेली असावी. पाटगावचा अनुभवी मधपाळ निपाणीच्या शेतकऱ्याला शिकवावयास येऊ शकला पाहिजे आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठातील जाणकार चंदगडच्या काजूबागेत जाऊ शकला पाहिजे. योजना दोन राज्यांच्या असल्या, त्यांचे अर्ज दोन भाषांत असले, तरी आग्या माशी डोंगरातून मैदानात उतरते ती कोणाचा दाखला घेऊन उतरत नाही. माणसांच्या वादांचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत ते ते देतील. तोवर मळ्यातील काकडीने वाकडे वाढत राहावे असे कोणत्याच बाजूस वाटत नसावे.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९१-९२ च्या साथीत सातेरी वाचली ती तिच्या स्वतःच्या जोमामुळे आणि थोड्या माणसांच्या चिकाटीमुळे. विषाशी आणि उपासमारीशी झगडताना तिचा तो जोम पुरेल याची शाश्वती नाही. कारण रोग येतो आणि ओसरतो, पण फुले नसलेले शिवार आपण दरवर्षी नव्याने पेरीत असतो. ते पेरणे बदलणे मात्र आपल्याच हाती आहे. येत्या हंगामात बांधावर पेरावयाच्या मूठभर कारळ्यापासून त्याला आरंभ करता येईल, आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.